बंदुकीचे गोत्र

गेल्या श्रावणात घरची मंडळी घेऊन नळदुर्गास जाण्याचा योग आला. बोरी नदीस पाणी भरपूर असल्यामुळे, इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत १६१३ साली बांधलेल्या पाणीमहालावरून नर व मादी हे दोन्ही धबधबे कोसळताना पाहावयास मिळाले. मुलांचे डोळे निवले. मग आम्ही उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढलो. आमच्याबरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. घराणे लोहाराचे, सैन्यात आर्मरर म्हणून, म्हणजे पलटणीच्या बंदुका तपासण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामावर, उमेद घालवून हवालदारकी घेऊन घरी परतलेला. बुरुजावरील तोफेवर हात ठेवून माझ्या नातवाने विचारले, “आजोबा, ही आपण केली, की विकत आणली?”

प्रश्न लहान होता, पण मास्तरकीची सवय जाता जात नाही. मी त्यास आमच्याच जिल्ह्यातील परंड्याच्या किल्ल्याची गोष्ट सांगितली. विजापुरास जी प्रचंड मलिक-ए-मैदान तोफ आज प्रवासी पाहतात, ती पूर्वी परंड्यास होती. १६३२ साली ती आदिलशाहीने विजापुरास नेली. वजन सुमारे ५५ टन. ती १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, आणि ओतणाऱ्याचे नाव महंमद बिन हसन रूमी. ‘रूमी’ म्हणजे तुर्की मुलखातला. धातू येथला, भट्टी येथली, घाम येथला. विद्या मात्र बाहेरून आलेली.

“आणि बंदुका?” नातवाचा दुसरा प्रश्न.

या वेळी उत्तर माझ्या विद्यार्थ्याने दिले. “गुरुजी, बंदुकीचं गोत्र विचाराल, तर जगातल्या पुष्कळशा रायफलींचं एकच. माउझर!”

हा शब्द मला फार आवडला. आपल्या घरांतून गोत्र-प्रवराची माहिती मुलांस मुंजीच्या वेळी सांगतात; तेव्हा या बंदुकीच्या गोत्राचीही थोडी चौकशी करावी, असे मनाने घेतले. त्या चौकशीचे फळ आज या सदरात वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. संस्कृत शिकलेल्या आम्हा मंडळींस असे म्हणण्याची खोड असते की, बंदूक काय, ती आमच्या पूर्वजांस ठाऊकच होती. शुक्रनीतीत नालिकास्त्र आहे, अग्निचूर्ण आहे. गंमत अशी की, या मतास मोठी पुष्टी दिली ती एका जर्मन पंडिताने. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील संस्कृतचे अध्यापक गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० साली प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर ग्रंथ लिहून, बंदुकीची दारू भरतखंडातच निघाली असे प्रतिपादिले. मीही तारुण्यात वर्गात हे मोठ्या अभिमानाने सांगत असे. परंतु पुढे विद्वानांनी शुक्रनीतीची भाषा व तीतील राज्यव्यवहार यांची छाननी केली, आणि हा ग्रंथ प्राचीन नसून अगदी अलीकडचा आहे, असे मत आता बहुतेकांनी स्वीकारले आहे. ज्या काळी ओपर्टसाहेब आपणांस पूर्वजांच्या बंदुकीचे प्रशस्तिपत्र देत होते, त्याच काळी त्यांचे देशबांधव ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात कानस घेऊन बसले होते. आपण ग्रंथ उलगडीत राहिलो. त्यांनी लोखंड उलगडले.

आता मूळ कथेकडे वळू. जुनी बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालावयाची, गोळी घालावयाची, गजाने ठासावयाची, मग बार काढावयाचा. हे सर्व उभ्याने करावे लागे, कारण पालथे पडून चार फुटांची नळी ठासणे जवळजवळ अशक्य. १८५७ च्या उठावास जिचे काडतूस निमित्त झाले, ती एन्फिल्ड बंदूकही ठासणीचीच. काडतुसाचा कागद दातांनी फोडून आतील दारू नळीत ओतावी लागे, आणि त्यावरील चरबीमुळेच धर्म बुडाल्याची ओरड झाली. परंतु त्याच्या १६ वर्षे आधी, १८४१ साली, प्रशियाने योहान निकोलाउस फॉन ड्रायझे या कारागिराची सुईची बंदूक स्वीकारली होती. ड्रायझे हा झोमर्डा गावचा. कुलुपे करणाऱ्याचा मुलगा. त्याने काडतूस तोंडाकडून न घालता मागून घातले. चाप ओढताच एक लांब सुई कागदी काडतुसात घुसून आतील स्फोटक टिकलीवर आदळे. शिपायास आता निजून बंदूक भरता येऊ लागली. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिग्ग्रेट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियाचे सैन्य ठासणीच्या बंदुका घेऊन उभे होते. त्यांच्या शिपायाची एक गोळी सुटेपर्यंत प्रशियन शिपायाच्या चार-पाच सुटत. सातच आठवडे चाललेल्या त्या युद्धाने जर्मन राष्ट्राचे नेतृत्व कोणाकडे जाणार, हे ठरवून टाकले.

ड्रायझेच्या बंदुकीत दोष होतेच. सुई मोडे, आणि मागल्या फटीतून जळता वायू शिपायाच्या तोंडावर येई. १८७० च्या युद्धात फ्रेंचांची शासपो बंदूक तिच्याहून सरस ठरली. जर्मनांस क्रुपच्या तोफांनी तारले. तेव्हा नव्या बंदुकीची गरज प्रशियास चांगलीच पटली, आणि येथे माउझर बंधू आपल्या कथेत प्रवेश करतात.

व्युर्टेम्बर्ग राज्यात नेकार नदीच्या काठी ओबर्नडॉर्फ नावाचे लहान गाव आहे. तेथे एका जुन्या ख्रिस्ती मठाच्या इमारतीत राजाने शस्त्रांचा कारखाना घातला होता. जेथे पूर्वी प्रार्थना होत, तेथे घण वाजू लागले. त्या कारखान्यात बंदुका घडविणाऱ्या एका कामगाराची मुले म्हणजे विल्हेल्म (जन्म १८३४) व पॉल (जन्म १८३८). पॉल हा १३ भावंडांतला शेंडेफळ. विद्यापीठाची पायरी त्याने चढली नाही. बापाच्या हाताखाली कानस धरूनच त्याचे शिक्षण झाले. विल्हेल्म व्यवहारात हुशार, वाटाघाटी तो करी. पॉल कर्मशाळेत रमे. या दोघांनी सिद्ध केलेली एकबारी बंदूक नव्या जर्मन साम्राज्याने १८७१ सालची बंदूक म्हणून स्वीकारली, आणि १८७४ साली, ज्या कारखान्यात बाप मजुरी करी तोच कारखाना मुलांनी विकत घेतला.

या बंदुकीची युक्ती समजण्यास घरातील दारापेक्षा दूर जाण्याचे कारण नाही. दारास आतून जो सरकता बोल्ट असतो, तो डोळ्यांपुढे आणावा. दांडी वर उचलून कांब मागे ओढली की दार मोकळे. कांब पुढे सारून दांडी खाली वळविली की दार पक्के. बंदुकीच्या नळीचे मागचे तोंड हे दार समजा. बोल्ट मागे ओढला की रिकामे टरफल बाहेर पडते. पुढे सारला की नवे काडतूस नळीत जाते. दांडी खाली वळविली की बोल्टास असलेले कान खाचेत अडकून दार बंद होते. स्फोटाचा सारा धक्का ते कान सोसतात. माझ्या विद्यार्थ्याने ही क्रिया हाताच्या मुठीने व अंगठ्याने मुलांस अशी करून दाखविली, की घरी आल्यावर दोन दिवस आमच्या माजघराचे दार एकसारखे वाजत होते!

पुढचा धक्का फ्रान्सकडून आला. १८८४ साली पॉल व्हिएय या शास्त्रज्ञाने धूर न करणारी दारू शोधली, आणि १८८६ साली फ्रेंचांनी तिच्यावर चालणारी लेबेल बंदूक काढली. एका दिवसात इतर राष्ट्रांच्या बंदुका जुन्या झाल्या. जर्मन सेनाधिकाऱ्यांनी घाईघाईने एक समिती बसवून १८८८ ची बंदूक सिद्ध केली. तीत माउझरला विचारलेही नाही. एखाद्याने रुसून धंदा सोडला असता. पॉलने मात्र परदेशी गिऱ्हाइकांसाठी आपली बंदूक सुधारण्याचा क्रम चालविला. तुर्कस्तानासाठी, बेल्जियमसाठी, स्पेनसाठी एकेक नमुना, आणि प्रत्येकात मागल्याचा एखादा दोष काढून टाकलेला. १८९३ च्या स्पॅनिश नमुन्यात पाच काडतुसे एका पत्र्याच्या पट्टीतून एका दाबासरशी पेटीत उतरत. अमेरिकन सैन्यास १८९८ साली क्यूबात या बंदुकीचा प्रसाद मिळाला. इंग्रजांस तो १८९९ पासून दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या हातून मिळाला. जानेवारी १९०० मध्ये स्पिअन कोपच्या लढाईतून जखमींच्या डोल्या वाहून नेणाऱ्या हिंदी पथकात मोहनदास गांधी हे बॅरिस्टर होते, आणि त्या जखमांपैकी कित्येक माउझरच्या गोळ्यांच्या होत्या. अहिंसेच्या भावी उपासकाने या बंदुकीचे काम इतक्या जवळून पाहिले होते.

अखेर ५ एप्रिल १८९८ रोजी जर्मनीने माउझरची नवी बंदूक आपल्या सैन्यासाठी मान्य केली. हीच प्रसिद्ध ‘गेव्हेर ९८’. लांबी सुमारे १२५० मिलिमीटर, वजन चार किलोंच्या आसपास, नळीचा आतील व्यास ७.९२ मिलिमीटर, पेटीत पाच काडतुसे. हिच्यातील खरी थोरवी मारात नव्हे, तर सावधगिरीत आहे. बोल्टाचे दोन कान पुरेसे असता पॉलने मागे तिसरा कान ठेवला. पुढचे दोन तुटलेच, तरी बोल्ट उडून शिपायाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून. काडतूस फुटलेच, तर वायू बाजूने निघून जावा म्हणून त्यास भोके ठेवली. “गुरुजी, हा तिसरा कान म्हणजे आर्मररच्या मनाची खूण,” असे माझा विद्यार्थी म्हणाला. दैवगती अशी की, दुसऱ्यांच्या डोळ्यांची एवढी काळजी वाहणाऱ्या पॉल माउझरचा स्वतःचा एक डोळा पुढे आपोआप भरणाऱ्या बंदुकीच्या प्रयोगात गेला. मेमध्ये १९१४ साली तो वारला. दोन महिन्यांनी महायुद्ध पेटले.

हे गोत्र किती फोफावले, याची एकच साक्ष पुरे. अमेरिकेने १९०३ साली आपली स्प्रिंगफील्ड बंदूक काढली, तेव्हा तीत माउझरच्या युक्त्या इतक्या उघड होत्या की, अमेरिकन सरकारास माउझर कंपनीस दोन लक्ष डॉलरपर्यंत स्वामित्वधन देण्याचा करार करावा लागला. आजही शिकारीच्या व नेमबाजीच्या असंख्य रायफली याच बोल्टावर चालतात. आपल्याकडे मात्र ‘माउझर’ म्हटले की पिस्तूलच आठवते, आणि त्यास कारण आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले व ४६,००० काडतुसे पळविली. १९२५ च्या काकोरी प्रकरणातही तीच पिस्तुले होती. तेही ओबर्नडॉर्फचेच अपत्य.

परंतु मराठी घरांचा व या बंदुकीचा खरा संबंध निराळा आहे. आपली माणसे तिच्या दस्त्याशी नव्हे, तोंडाशी उभी होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. समोर तुर्क, आणि तुर्कांच्या हाती ओबर्नडॉर्फला घडलेल्या माउझर. डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा येथे या फौजेस वेढा पडला. वेढ्याची सूत्रे फॉन डर गोल्त्स या वृद्ध जर्मन सेनानीकडे होती. तो स्वतः बगदादेस तापाने वारला, पण वेढा उठला नाही. आतील हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे घोड्याचे मांस खाण्याचे नाकारले व उपास काढले. २९ एप्रिल १९१६ रोजी, १४७ दिवसांनी, सुमारे १३,००० माणसे शरण गेली. त्यांपैकी कितीजण वाळवंटातील पायपिटीत व कैदेत संपले! कोकणातील, देशावरील लहान गावांतून गेलेल्या या तरुणांस ओबर्नडॉर्फ हे नाव कधी ऐकूही आले नसेल; त्यांच्या मरणाची तयारी मात्र तेथे होऊन चुकली होती.

आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या रिसाल्याचे स्वारही त्या युद्धात सुवेझ व पॅलेस्टाइनच्या आघाडीवर गेले होते. दिल्लीतील तीन मूर्ती स्मारकाच्या तीन पुतळ्यांत जोधपूर व म्हैसूर यांच्याबरोबर हैदराबादचाही मान आहे.

दुसऱ्या महायुद्धात हीच कथा इटलीत पुन्हा घडली. जर्मन पायदळाच्या हाती आता त्याच बंदुकीची १९३५ साली मान्य झालेली आखूड आवृत्ती होती, तिचे नाव ‘काराबिनर ९८ के’. ती १ कोटी ४० लाखांहून अधिक घडविली गेली. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी शत्रूच्या मशीनगनपुढे सापडली. तुकडीतील सारे पडले वा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, हातबॉम्ब टाकून ती मशीनगन त्यांनी बंद पाडली. पुढे गोळ्या भरण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या शत्रूंवर बंदुकीचाच प्रहार केला. मग दुरून टिपून मारणाऱ्या जर्मन नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पश्चात मिळाला. त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवरील पराक्रमासाठी हाच सन्मान मिळाला. ते सुदैवाने परत आले.

येथे कारागिरीची स्तुती करणाऱ्या लेखणीने क्षणभर थांबले पाहिजे. तिसऱ्या कानाची काळजी घेणारी ही विद्या कोणाच्या कामी लागली? युद्धाच्या अखेरच्या वर्षांत ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात परदेशातून धरून आणलेले हजारो वेठबिगार राबत होते. कौशल्य जेव्हा धन्यास काही विचारीत नाही, तेव्हा ते कोणाही धन्याचे होते. आपण मुलांस विद्या देतो, पण ‘कशासाठी?’ हे विचारण्याची सवय देतो काय?

युद्ध संपल्यावर ओबर्नडॉर्फ फ्रेंचांच्या ताब्यात आले. त्यांनी यंत्रसामग्री उचलून नेली व कारखाना मोडून टाकला. गोष्ट येथे संपावयास हवी होती. पण १९४९ साली माउझरच्याच हेकलर, कोख व झायडेल या तीन तंत्रज्ञांनी त्याच गावी नवे दुकान थाटले. आरंभी शिवणयंत्रांचे सुटे भाग केले. पुढे १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या सैन्यास जी-३ रायफल दिली, आणि १९९७ साली जी-३६. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या हातातील एमपी-५ ही छोटी बंदूकही याच हेकलर-कोखची. यंत्रे नेता आली. हातातील विद्या नेता आली नाही. विद्या हे चोरास न नेता येणारे धन, असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्याचा अर्थ एवढ्या ठसठशीतपणे दाखविणारे उदाहरण मला क्वचितच आढळले आहे.

याच्या उलट उदाहरण नळदुर्गच्या पायथ्याशीच घडले. १९४८ साली हैदराबाद संस्थानाने सिडनी कॉटन नावाच्या वैमानिकामार्फत कराचीहून विमानांनी चोरून शस्त्रे आणविली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापुराकडून निघाल्या. बोरी नदीवरील पूल त्यांनी अखंड हस्तगत केला व दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्ग घेतला. १७ तारखेस संस्थान शरण आले. विकत आणलेले शस्त्र पाच दिवसही पुरले नाही. कारण त्यामागे ना लोकांचे मन होते, ना घडविणारा हात.

स्वतंत्र भारताने हा धडा काही अंशी घेतला, हे नमूद केले पाहिजे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथ, वरणगाव, भंडारा येथे नवे कारखाने आले. त्यांत आपल्या मराठी मुलांनी कानस धरली, लेथ चालविली.

आता एक कबुली देऊन लेख आवरतो. नळदुर्गास ज्याने आम्हांस हे सारे समजावून दिले, तो विद्यार्थी आठवीत असताना शब्दरूपे पाठ करण्याऐवजी वहीच्या समासात कुलुपाचे चित्र काढीत बसला होता. मी ते पान फाडून वर्गापुढे धरले आणि मुले हसली. ‘लोहाराच्या हाताला व्याकरण कशाला’ असेही काहीसे बोलून गेलो. तो ते विसरला असेल. मी विसरलो नाही. ड्रायझे कुलुपे करणाऱ्याचा मुलगा होता, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी निराळा वागलो असतो, असे छातीवर हात ठेवून सांगवत नाही. बुरुजावरून उतरताना मी त्यास ती गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “गुरुजी, चित्र चुकलंच होतं. कुलपाची जीभ उलटी काढली होती.” एवढे बोलून त्याने माझ्या नातवास हात देऊन पायरी उतरविली.

येत्या खंडेनवमीस आपण घरोघरी पाटी व पोथी पूजेस मांडू. वाचकांस विनंती एवढीच की, शेजारी घरातील हातोडी व पान्हाही मांडावा. आणि घरातील एखादे मूल दाराचा बोल्ट उघडून आत काय आहे ते पाहात बसले, तर त्यास रागे भरू नये.